पोरांना घेऊन येतेस, तर लांबचा पल्ला रेल्वेवर टाक

अगं, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून थेट मोटारीनेच श्रीपूरला यायचं तुमचं ठरतंय, असं आई म्हणाली. गाडी नवी, पाहुण्यांना चालवायची हौस, सगळं कबूल. पण मागच्या सीटवर सात वर्षांचा एक आणि चार वर्षांची एक अशी जोडी दिवसभर कोंबून आणलीस ना, तर इथे उतरल्यावर दोन दिवस तुम्ही चौघं एकमेकांशी बोलणार नाही. माझं ऐक. लांबचा पल्ला रेल्वेने कर, कुर्डुवाडीला उतर, पुढची मोटार आमची.

आता गाडी कोणती, ते सांगते. तू वंदे भारतचं नाव काढणार, मला ठाऊक आहे. 2023च्या फेब्रुवारीत ती मुंबई-सोलापूर सुरू झाली आणि कुर्डुवाडीला थांबते, हे आपलं नशीबच. पण ती मुंबईहून निघते संध्याकाळी, म्हणजे कुर्डुवाडीला रात्र होते. पोरं पेंगुळलेली, त्यात टेंभुर्णीमार्गे तासाभराच्या वरचा रस्ता, तोही अंधारात. त्यापेक्षा सिद्धेश्वर बरी. रात्री बसा, पोरं झोपेतच दौंड ओलांडतील. ती पहाटे पोचते, पण अंधार असला तर तुझे दाजी काही लगेच गाडी काढणार नाहीत. स्टेशनवर चहा घेऊ, पोरांची तोंडं धुऊ आणि उजाडलं की निघू.

हा उजेडाचा हट्ट कशासाठी, तेही ऐक. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडते. श्रीपूरचा पांडुरंग, माळीनगरचा सासवड माळी, शंकरनगरचा सहकार महर्षी, एवढ्याशा टापूत एवढे कारखाने; मग उसाची वाहतूक दिवसरात्र चालते. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, वर ऊस चहूबाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा असला तर असला. टायरच्या बैलगाड्या तर अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. शहरातला माणूस समोरच्या दिव्यांच्या भरवशावर गाडी चालवतो, आणि इथे दिवाच नसतो. तेव्हा हंगामात अंधार पडल्यावर पोरांना घेऊन या रस्त्यांवर फिरायचं नाही, मग पाहुण्यांनी कितीही छाती पुढे काढू दे.

तिकिटाचंही नीट बघ. धाकटी पाचच्या आतली, तिला वेगळा बर्थ मागितला नाहीस तर तिकीटच लागत नाही. थोरल्याला बर्थ नको म्हटलंस तर अर्धं, हवा म्हटलंस तर मोठ्या माणसाएवढं पूर्ण. 2016पासून हाच नियम आहे. चेअर कारमध्ये तर ती अर्ध्याची सोयच नाही, पाच वर्षांच्या पुढच्या पोराला खुर्ची घ्यायची आणि पूर्ण पैसे मोजायचे. मी म्हणेन, थोरल्याला बर्थ घेच. पैसे वाचवायला त्याला तुझ्या पायथ्याशी निजवलंस तर झोप तुझीच जाईल. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या बघताबघता भरतात. बर्थ खालचा माग. दोघं खाली, तू त्यांच्याजवळ, पाहुणे वर. आणि जेऊर गेलं की उठून बस. कुर्डुवाडीचा थांबा मोजक्या मिनिटांचा असतो. तेवढ्यात एका पोराला उठवायचं, दुसऱ्याची चप्पल शोधायची आणि बॅगाही काढायच्या, हे जमत नाही.

खायला दशम्या कर, शेंगाचटणी नको. चटणीने पोरं पाणी पाणी करतात आणि मग मोरीच्या वाऱ्या सुरू.

मोटारीत धाकटीला उलटी होते, तेव्हा तिच्या हातातला मोबाइल आधी काढ. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र गाडी वळतेय म्हणून सांगतोय, या भांडणातूनच मळमळतं. तिला समोरचा रस्ता दिसेल असं बसव, पोट हलकं ठेव, काच थोडी खाली. मात्र समोर दिसावं म्हणून पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसायचं नाही हं. एअरबॅग उघडली तर सगळा मार त्या जिवाला बसतो. पोरं मागेच, पट्टा किंवा लहान मुलांची सीट लावून, दारांना चाइल्ड लॉक. चौदाच्या आतल्या पोराला पट्टा नसला तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नाही सांगत मी. जपानात तर सहा वर्षांखालच्या मुलाला वेगळ्या सीटशिवाय मोटारीत बसवणंच बेकायदा. तिथली कुटुंबंसुद्धा आगगाडीने मोठ्या स्टेशनापर्यंत जातात आणि तिथून मोटार भाड्याने घेतात. म्हणजे मी काही गावंढळ सल्ला देत नाहीये.

आता फिरण्याचं. तुझ्या यादीत पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग, सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर, सगळंच आहे. त्यातलं निम्मं आत्ताच खोड. अक्कलकोट रोड नावाचं स्टेशन पाहून भुलू नकोस, ते गावापासून लांब आहे. तो भाग सोलापूरला मुक्काम करून वेगळा करायचा, श्रीपुराहून रोज जाऊन-येऊन नाही.

पंढरपूरला मात्र नक्की जाऊ, तेही गंमत करून. कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत रेल्वेने पोरांना मी नेते, दाजी मोटार घेऊन तिथे स्टेशनवर येतील. ही आपली बार्शी लाइट. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, 1906मध्ये ती पंढरपूरला पोचली, आणि पुढे मिरजेपर्यंत गेली. आता तिथे मोठी रेल्वे झाली, तरी आईला विचार, ती छोट्या गाडीच्या गोष्टी थोरल्याला रंगवून सांगेल. प्रवास लहान आहे, पोरं कंटाळायच्या आत संपतो.

फक्त कार्तिकीच्या आत जायचं. पाडव्यानंतर दहा-अकरा दिवसांत एकादशी येते आणि मोटारी गावाबाहेरच अडतात. दर्शनबारीत पोरांना तासन्‌तास उभं करू नकोस, मुखदर्शन घे. विठोबा काही रागावत नाही. मग कैकाडी महाराजांच्या मठात जाऊ. तिथल्या मूर्ती आणि आतल्या वळणावळणाच्या वाटा पोरांना देवळापेक्षा जास्त आवडतील, आणि आवडू देत. येताना वाखरी, पिराची कुरोली, बोरगाव अशी पालखीची वाट धरू. तुकोबांची पालखी माळीनगरचं उभं रिंगण झाल्यावर आपल्या श्रीपुरावरूनच बोरगावला जाते, हे पोरांना रस्त्यावरच दाखवता येईल.

बाकीचे दिवस जवळपास. अकलूजच्या किल्ल्यातली शिवसृष्टी एका सकाळी, वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ दुसऱ्या. दिवसाला एकच ठिकाण. दुपारी घरी जेवण आणि झोप. एखाद्या दिवशी मोटार दाजींना कामाला लागली तर एसटीने जाऊ. 2023पासून आपल्या बायकांना अर्धं तिकीट आहे, थोरल्यालाही अर्धं, धाकटी फुकट.

तेव्हा पाहुण्यांना आजच आरक्षणाचं सांग, आणि डब्याचा नंबर कळला की मला कळव. दाजी त्याच डब्यासमोर उभे राहतील.