शिंपल्याची चाळण कोणी केली?

प्रश्न : मे महिन्यात मला किनाऱ्यावर कालवाची एक जाड शिंपी सापडली. तिला टाचणीच्या डोक्याएवढी तीस-पस्तीस भोकं आहेत. काका म्हणाले, हे स्पंजचं काम. पण स्पंजला दात नाहीत, तोंड नाही, तो जागचा हलतही नाही. मग तो शिंपी कशी पोखरेल? आणि तो खरंच प्राणी आहे का?
(इयत्ता नववीतील एक वाचक, गुहागर)

उत्तर : काकांनी बरोबर ओळखलं. हा उद्योग क्लायोना जातकुळीतल्या स्पंजांचा. त्यांच्या काही पेशी कवचाला चिकटून बारीक तंतू पसरतात आणि आम्ल सोडून चुन्यात गोल खाच पाडतात. खाच खालून पूर्ण झाली की एक कपची सुटते, रांगोळीच्या कणाहूनही बारीक. असं कपची-कपचीनं घर कोरलं जातं. हा चुना तो खात नाही, त्याला फक्त आडोसा हवा असतो. कालवालाही तो खात नाही. पण पोखरलेलं कवच आतून लिंपत बसणं त्या बिचाऱ्याच्या नशिबी येतं.

मग स्पंज खातो काय? पाण्यातले जीवाणू आणि सूक्ष्म कण. १८२५ साली एडिंबराच्या रॉबर्ट ग्रँट यांनी घड्याळाच्या काचेत समुद्राचं पाणी घेतलं, त्यात जिवंत स्पंजचा तुकडा ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. तुकड्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत बाहेर पडत होता, थांबायचं नाव नाही. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा रंगलेला होता. त्या झोतानं प्राण्याच्या बाजूला मोठं बळ मिळालं. हेच ग्रँट पुढे तरुण चार्ल्स डार्विनला किनाऱ्यावरचे जीव दाखवत हिंडले.

झोत निर्माण करतात कॉलर पेशी. प्रत्येकीला चाबकासारखा एक तंतू, भोवती काड्यांच्या कुंपणासारखं कडं. तंतू हलला की बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, कड्यात अन्नकण अडकतात, गाळलेलं पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर जातं. तुझ्या शिंपीतल्या कपच्याही अशाच बाहेर गेल्या. अनेक स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतात, तेही मेंदू, मज्जातंतू, हृदय यांतलं काहीही नसताना. समुद्रात एकेकटे राहणारे काही एकपेशीय जीव या कॉलर पेशींसारखेच दिसतात, आणि ते सगळ्या प्राण्यांचे, म्हणजे तुझे-माझेही, जवळचे नातलग आहेत. प्राण्यांच्या वंशवृक्षातून पहिली फांदी स्पंजांची फुटली की कंकतधारी जेलींची, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

मला सर्वांत थक्क करतो तो एच. व्ही. विल्सन यांचा १९०७ सालचा प्रयोग. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक लाल स्पंज त्यांनी तलम रेशमी कापडातून पिळला, चक्का बांधताना फडकं पिळतो तसा. खालच्या भांड्यात सुट्या पेशींचा लालसर गढूळ थर जमला. मेलाच म्हणायचा! पण त्या पेशी सरपटत एकमेकींना शोधू लागल्या, चिकटल्या, त्यांचे गोळे झाले आणि त्या गोळ्यांतून पुन्हा पाणी खेळवणारे स्पंज उभे राहिले. शरीर म्हणजे काय, हा प्रश्न त्या भांड्याशेजारी बसून विचारावासा वाटतो.

स्पंज म्हणजे फक्त समुद्र, असंही समजू नकोस. १८४०च्या दशकात मुंबईत लष्करी सर्जन असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी इथल्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज बारकाईनं अभ्यासले. उन्हाळ्यात तळं आटलं की असा स्पंज मरतो, पण मागे खसखशीसारखे टणक दाणे ठेवतो. पावसानं तळं भरलं की त्या दाण्यांतून पेशी बाहेर येतात आणि नवा स्पंज धरतो.

आता तुझ्या शिंपीची खातरजमा कर. एकच भोक असेल, गोल, कडा आत उतरती, तर ते शिकारी गोगलगाईचं. स्पंजची भोकं पुष्कळ आणि विखुरलेली असतात. शिंपी कापडात गुंडाळून हलक्या हातानं फोड आणि तुटलेली कड भिंगाखाली धर. भोकांच्या मागे एकमेकींत उघडणाऱ्या खोल्या दिसतील. त्यांच्या भिंतींवर उन्हात तिरकं पाहिलंस तर बारीक वाटोळे खळगे दिसतील. एकेका खळग्यातून एकेक कपची निघालेली आहे.