होडींतून ब्रूज नगराचें दर्शन

नकाशावरील नद्यांच्या व कालव्यांच्या बारीक रेघा पाहतांना विद्यार्थी त्यांचीं नांवें पाठ करतात आणि पुढें जातात. परंतु कित्येक शहरांचें भाग्य अशा एखाद्या रेघेनेंच घडविलें व तिनेंच मोडलें आहे. बेल्जममधील ब्रूज हें शहर याचें उत्तम उदाहरण होय. पश्चिम फ्लँडर्स प्रांताचें हें मुख्य ठाणें समुद्रापासून सुमारें १५ किलोमीटर आंत आहे. शहरभर कालवे खेळविलेले असून रेये नांवाच्या लहानशा नदीवरून लोक त्यांस 'रेयेन' म्हणतात. तर मित्रहो, आपण मनानेंच एका उघड्या होडींत बसूं आणि हें नगर पाण्यावरून पाहूं.

ही फेरी सुमारें अर्ध्या तासाची असते. दगडी पूल इतके ठेंगणे आहेत कीं, त्यांखालून जातांना मान आपोआप लवते. दोहों बाजूंस विटांचीं उंच घरें पाण्यांतूनच उगवल्यासारखीं दिसतात. घरांच्या वर डोकावतो तो बाजारचौकांतील घंटेचा मनोरा. त्याची उंची ८३ मीटर, पायऱ्या ३६६ आणि घंटा ४७ आहेत. त्याच चौकांत पूर्वीं एक प्रचंड जलमंडई होती. होड्या थेट तिच्या छपराखालीं जात, आणि व्यापारी पावसाचें भय न बाळगतां माल उतरवीत. १७८७ सालीं ती पाडली गेली.

एवढा माल येथें कोठून येई? ११३४ सालीं समुद्राच्या भयंकर तुफानानें किनारा फुटला व झ्वीन नांवाची खाडी आंतवर शिरली. तिच्या टोंकाशीं डामे हें बंदर वसलें. गलबतें तेथें थांबत, आणि लहान होड्या त्यांवरील माल कालव्यानें ब्रूजला आणीत. इंग्लंडची लोंकर येथें येई व फ्लँडर्सचें कापड देशोदेशीं जाई. १२७७ सालीं जिनोआचीं गलबतेंहि समुद्रमार्गानें येऊं लागलीं. व्हान देर ब्यूर्से नांवाच्या कुटुंबाच्या उतारगृहापाशीं व्यापारी जमून सौदे करीत. युरोपांतील अनेक भाषांत रोखेबाजारास 'बोर्स' म्हणतात, तो शब्द याच कुटुंबाच्या नांवावरून आला असें मानतात.

होडी पुढें जाते तों मरीयेच्या ख्रिस्तमंदिराचा विटांचा उंच मनोरा दिसतो. मायकेल अँजेलोनें घडविलेली मरीया व बाळ येशू यांची संगमरवरी मूर्ति येथें आहे. १७९४ सालीं फ्रेंचांनीं व १९४४ सालीं जर्मनांनीं ती नेली. पण दोन्ही वेळां ती स्वस्थानीं परत आली. समोरच संत योहानाचें जुनें रुग्णालय आहे. जेथें पूर्वीं दीनदुबळ्यांची शुश्रूषा होत असे, तेथें आतां मेमलिंग या चित्रकाराचीं चित्रें जपलीं आहेत.

गणिताच्या विद्यार्थ्यांनीं या गांवास विशेष मान द्यावा. १५४८ सालीं येथें सायमन स्टेव्हिन जन्मला. त्यानें १५८५ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून दशांश अपूर्णांकांची रीत युरोपांत रूढ केली. ज्या अंकपद्धतीवर ती रीत उभारली, ती मूळची हिंदुस्थानची. अरबांच्या द्वारें ती तिकडे गेली होती. माल जसा एका होडींतून दुसऱ्या होडींत जातो, तशीच विद्याहि जाते.

मग हें वैभव ओसरलें कसें? खाडींत गाळ सांचूं लागला. किनाऱ्यावरील दलदलीस बांध घालून लोकांनीं शेतें केलीं. त्यामुळें भरती-ओहोटीचें आंत-बाहेर जाणारें पाणी कमी झालें आणि गाळ धुवून नेण्याची त्याची शक्ति खुंटली. नवें शेत मिळालें, पण बंदर हातचें गेलें! त्यांत राजकीय कलहाची भर पडली. १४८८ सालीं नागरिकांनीं मॅक्सिमिलियन यास कैदेंत ठेविलें, आणि पुढें परदेशी व्यापारी अँटवर्पकडे वळले. पुढें शतकेंच्या शतकें ब्रूज दारिद्र्यांत राहिलें. तथापि जुनीं घरें पाडून नवीं बांधण्यास पैसाच नसल्यामुळें तीं वांचलीं! १९०७ सालीं झीब्रुगे बंदर व तेथपर्यंतचा नवा कालवा सुरू होऊन समुद्राशीं तुटलेला संबंध पुन्हां जुळला. २००० सालीं युनेस्कोनें जुन्या शहरास जागतिक वारशांत स्थान दिलें.

शहराबाहेर डामेकडे जाणारा सरळ कालवा आहे. १८१० सालीं नेपोलियनच्या आज्ञेनें त्याचें काम निघालें, व स्पॅनिश युद्धकैद्यांस त्यावर राबविलें गेलें. आज त्या पाण्यावरून प्रवासी मौजेनें जातात. त्यांनीं त्या कैद्यांचेंहि स्मरण ठेवावें.

होडींतून उतरतांना एवढें मनांत धरावें: गाळ एका दिवसांत सांचत नाहीं. तो कणाकणानें बसतो, आणि वरचें पाणी शांत दिसत असतें. खाडीच्या बाबतींत जें खरें, तें अभ्यासाच्या व शीलाच्या बाबतींतहि खरें आहे. म्हणून वाट उघडी आहे तोंवरच ती स्वच्छ राखावी.