गवंड्याविना घरचा शीतकक्ष

आष्टा (ता. वाळवा, जि. सांगली) परिसर उसाचा व हळदीचा म्हणून ओळखला जातो, तथापि घरखर्चाचा रोजचा पैसा पुष्कळ वेळा मेथी, कोथिंबीर, टोमॅटो व वांगी यांच्या लहान वाफ्यांतून येतो. चैत्र-वैशाखात सायंकाळी तोडलेली जुडी सकाळी बाजारात जाईपर्यंत मान टाकते. अशी भाजी वजनात घटते आणि भावातही मार खाते.

यावर नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात विटा व वाळू यांचा शीतकक्ष सुचविला. त्यास वीज लागत नाही. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा कक्ष गार राहतो. पाण्याची वाफ होताना भोवतालची उष्णता खर्ची पडते.

"आपल्या हातास असले काम जमत नाही," अशी अनेकांची समजूत असते. परंतु या कामी चुना, सिमेंट किंवा खिळा लागत नाही. चुकलेला थर उचलून पुन्हा लावता येतो. प्रत्येक पायरी तपासूनच पुढील पायरी घ्यावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

जागा : जागा सावलीची, वाऱ्याची व पाण्याजवळची असावी. काळी जमीन पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. तिच्यावर थेट विटा मांडल्यास भिंत खचते. म्हणून प्रथम मुरूम पसरून धुमसाने चोपावा व ओटा भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच करावा.

आखणी : १६५ सें.मी. लांब व ११५ सें.मी. रुंद चौकोन दोरीने आखावा. गुण्या नसल्यास समोरासमोरचे कोपरे दोरीने मोजावेत. दोन्ही मापे सारखी आली म्हणजे कोपरे काटकोनात आहेत, असे समजावे. पाणसळ नसल्यास पारदर्शक नळीत पाणी भरून सपाटी पाहावी.

मांडणी : विटा आदल्या दिवशी भिजवाव्यात. तळाशी विटांची फरसबंदी करून तिच्या कडेने बाहेरची भिंत व आत दुसरी भिंत घ्यावी. दोहोंमध्ये ७.५ सें.मी. अंतर ठेवावे. त्यासाठी तेवढ्याच लांबीचे काठीचे दोन तुकडे कापून मापास वापरावेत. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट यावी. दोन-दोन थर चढले की पोकळीत चाळलेली ओली वाळू भरावी. सर्व वाळू शेवटी एकदम ओतल्यास भिंत बाहेर ढकलली जाते. उंची ६७.५ सें.मी. ठेवावी. ७.५ सें.मी. जाडीच्या विटांचे नऊ थर त्यास पुरतात. बांबूच्या चौकटीवर गोणपाट ताणून झाकण करावे व वर उसाच्या पाचटाचे छप्पर घालावे.

वापर : वाळू, विटा व झाकण यांवर सकाळ-सायंकाळ पाणी शिंपडावे. भाजी सच्छिद्र क्रेटमध्ये ठेवावी. तिच्यावर पाणी पडू देऊ नये. सुमारे १०० किलो माल मावतो. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहूनही अधिक खाली राहू शकते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने लाभ थोडाच होतो.

खबरदारी : कांदा, लसूण, हळकुंडे व धान्य यांस कोरडेपणा लागतो, ती आत ठेवू नयेत. नासलेले फळ तत्काळ काढावे. ओलाव्यास विंचू येतात, म्हणून झाकण काठीने उचलून आत पाहिल्याविना हात घालू नये.

कक्ष तयार झाल्यावर घरच्या घरी एक प्रयोग करावा. सारख्या वजनाच्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन एक कक्षात व एक ओसरीवर रात्रभर ठेवावी आणि सकाळी दोन्ही तोलाव्यात. त्यांच्या वजनातील फरक म्हणजेच आजवर वाटेत हरवलेला पैसा होय. फरक नगण्य आढळल्यास वाळू कोरडी आहे की सावली अपुरी, हे प्रथम पाहावे; भिंत मोडण्याची घाई करू नये.