वृद्धांची झोप रात्रीं कां मोडते?

म्हातारपणीं झोप यावयाचीच नाहीं, असें म्हणून आपण बहुधा स्वस्थ बसतों. वयाबरोबर झोप कांहींशी हलकी होते, हें खरें. परंतु जो वृद्ध रात्रीं तीन-चार वेळां लघवीस उठतो, त्याची झोप वयानेंच नेली असें ठरविण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासून घ्यावें, असें आमचें मत आहे.

आपण खातों त्या भाकरीची व भाताची शरीरांत साखर होते, व ती रक्तांतून सर्व अवयवांस पोहोंचते. मधुमेहांत ती रक्तांतच सांचून राहते. दर १०० मिलिलिटर रक्तांत ती सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली म्हणजे मूत्रपिंडांस आवरत नाहीं. ती लघवीवाटे जाऊं लागते व जातांना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी फार, आणि म्हणूनच तहानहि फार. घरचीं माणसें काय करितात? दिवेलागणीनंतर म्हाताऱ्याचा तांब्या उचलून ठेवितात! साखर चढलेली असतां पाणी तोडल्यानें शरीर अधिकच सुकतें.

याच्या उलट एक गोष्ट आहे, व ती अधिक भयाची. इन्शुलिन टोचून घेणारा, किंवा ग्लिबेनक्लॅमाइडसारखी गोळी घेणारा वृद्ध रात्रीं नीट जेवला नाहीं, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं उतरूं शकते. मग तो दचकून जागा होतो, अंथरूण घामानें भिजतें, भयंकर स्वप्नें पडतात, बोलणें असंबद्ध होतें. कित्येक घरीं अशा वेळीं बाहेरची बाधा समजून अंगारा लावितात, आणि मोलाचा वेळ जातो. रोगी शुद्धीवर असून त्यास गिळतां येत असेल तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यांत कालवून ताबडतोब पाजावी. पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुनः पाजावी. बेशुद्धाच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. उपासाच्या दिवशीं औषध कसें घ्यावें, हें डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें. आपल्या मनानें तें सोडूं नये.

थायरॉइड ग्रंथीचें काम वाढल्यासहि झोप उडते, छाती धडधडते, अंग रोडावतें. अंगांत लोह कमी असल्यास अंथरुणावर पडतांच पायांत वळवळ सुरू होते, व पाय हलविल्यावांचून चैन पडत नाहीं. हींहि कारणें रक्त तपासून समजतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत साखर तपासतात. सकाळीं उपाशीपोटीं ती १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आली, व पुनः तपासतां तशीच आली, तर मधुमेह आहे असें समजावें. हें करण्याऐवजीं कोणी शेजाऱ्याकडून झोपेची गोळी मागून आणितात. लघवी तर थांबत नाहींच. वृद्ध गुंगींत उठतो, अंधारांत उंबऱ्यास अडखळतो, आणि खुब्याचें हाड मोडून घेतो.