पिनकोडात दडलंय काय?

प्रश्न : आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो. पत्त्याखाली ४२१५०३ लिहिताना लेक म्हणाली, ही मूळ संख्याच असणार. खरं का? या संख्येत आणखी काही विशेष आहे का?
– एक वाचक, मांजर्ली

उत्तर : नाही, मूळ संख्या नाही, आणि हे कळायला कॅलक्युलेटरही नको. आकड्यांची बेरीज १५. तिला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. उरतात १४०५०१. इथे मात्र चिकाटी लागते. ७, ११, १३ असं करत १०९ पर्यंत पोचलात की गाठ सुटते : ४२१५०३ = ३ × १०९ × १२८९. तिन्ही अवयव मूळ, तिन्ही वेगळे.

आता आकडे नीट बघा. ० ते ५, प्रत्येक एकदाच! क्रम कसाही बदला, बेरीज १५च. त्यामुळे या सहा आकड्यांची एकही सहा अंकी मूळ संख्या बनत नाही. पिनकोडात नेमके हेच सहा आकडे एकेकदा यावेत, हा मात्र निव्वळ योगायोग आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिच्यात पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

अशा संख्यांचा खरा षौकीन म्हणजे देवळालीच्या शाळेतले मास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म डहाणू, १९०५). तुमच्याच लोकलच्या वाटेवरच्या डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या ‘डेम्लो’ या नावावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ काढल्या; १११ चा वर्ग १२३२१, ही त्यातलीच. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ते ‘हर्षद’ म्हणत. तुमचा पिनकोड हर्षद नाही, कारण १५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा. उल्हासनगरचा ४२१००२ मात्र आहे : बेरीज ९, भागाकार ४६७७८.

कापरेकरांचा आणखी एक खेळ : ४२१४८२ मध्ये तिच्याच आकड्यांची बेरीज, म्हणजे २१, मिळवा. आलं ४२१५०३! म्हणजे ४२१४८२ ही तुमच्या पिनकोडाची जनक. जिला असा जनक नसतो ती स्वयंभू, म्हणजेच ‘देवळाली संख्या’. तुमची स्वयंभू नाही.

कापरेकरांची प्रसिद्ध वजाबाकीही करून पाहा. आकडे उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करायचा : ५४३२१० – ०१२३४५ = ५३०८६५. उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्येचे सगळे आकडे सारखे नसतील, तर ती अशाने ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांत तसा एकच मुक्काम नाही. तुमची संख्या नवव्या वजाबाकीला ८५१७४२ वर येते आणि तिथून सात संख्यांच्या फेऱ्यात कायमची अडकते.

तीन अवयव हा संख्येचा अंगभूत गुण. बाकीचं बरंचसं आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून घडतं. त्यामुळेच कापरेकरांच्या कामाला अनेक गणिती किरकोळ समजत. १९७५ मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. किरकोळ म्हणा हवं तर, पण शाळकरी पोराला कागद-पेन्सिल घेऊन बसवणारं गणित मला तरी मोलाचं वाटतं.

लेकीला आता पुढची संख्या द्या, ४२१५०४. ती हर्षद आहे की नाही, ते तिनेच ठरवावं आणि आम्हाला कळवावं.