रंग चढायच्या आधी होडी बघ

अगं, होडीसाठी सोसायटीचं कर्ज मंजूर झाल्याचं आईकडून कळलं. उरलेल्या रकमेसाठी तुझ्या पाटल्या गहाण पडणार, हेही तिनंच सांगितलं. पाटल्यांबद्दल मी काही म्हणत नाही. सोनं अडीअडचणीला आणि धंद्यालाच असतं. पण ज्या होडीत ते सोनं जाणार, ती बघायला तू स्वतः जा. नवरा आणि दीर जातीलच, त्यांच्याबरोबर तूही जा. मासळीचा डोळा आणि कल्ला बघून ती आजची की कालची हे तू सहज सांगतेस. फायबरची होडीही तशीच नजरेनं, हातानं, कानानं आणि नाकानं ओळखता येते. कुठं बघायचं तेवढं ठाऊक हवं.

आधी वेळेचं सांगते. जुनी होडी घेणार असाल तर ती मे महिन्याच्या अखेरीस बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्या सुमारास होड्या वर ओढतात. मशीन उतरवलेलं असतं, जाळी घरी गेलेली असतात, तळ उघडा असतो आणि वर्षभराचे ओरखडे अंगावर तसेच असतात. तीच होडी जुलैच्या शेवटी बघितलीस तर तिला नवा रंग लागलेला असेल, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव नव्यानं लिहिलेलं असेल. रंगाखाली पुटी असते आणि पुटीखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत. रंगवून दाखवली म्हणजे होडी वाईटच, असं मी म्हणत नाही. पण रंगाच्या आधी दाखवायला जो तयार आहे, त्याच्याशी बोलणी आधी करा.

फायबरची होडी बनते कशी ते थोडं समजून घे, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. साच्याला मेण घासून त्यावर पहिल्यांदा जेलकोट लावतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाहेरून दिसते ती चकाकी म्हणजे एवढंच. त्याच्या आत काचेच्या धाग्यांची मॅट, मग विणलेलं रोव्हिंग, पुन्हा मॅट, असे थर रेझिनमध्ये भिजवून आणि रोलरनं दाबून हवा काढत बसवतात. ताकद काचेची, रेझिन तिला धरून ठेवतं. हातानं केलेल्या चांगल्या कामात मॅटच्या थरात वजनानं तीस टक्क्यांच्या आसपास काच असते, रोव्हिंगच्या थरात पन्नास टक्क्यांच्या जवळपास. हात कच्चा असला की कामगार रेझिन ओतत सुटतो. मग होडी जाड दिसते, जड होते आणि आपटली की तडकते. उलट रेझिन कमी पडलं तर धागे पांढरे, कोरडे राहतात आणि त्यांच्यातून पाणी आत चढतं.

म्हणून ‘तळ दहा एमएमचा आहे’ एवढ्या बोलण्यावर जाऊ नकोस. मॅट किती ग्रॅमची, थर किती, त्यात रोव्हिंग किती, हे विचार. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो, हा हिशेब लक्षात ठेव. थर सांगतो चार आणि जाडी सांगतो दहा, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. नवी होडी बांधून घेत असाल तर अजून एक सोपी युक्ती आहे. तळाच्या बुचासाठी किंवा नळीसाठी भोक पाडतात तेव्हा जी चकती निघते, ती मागून घे आणि जपून ठेव. तिच्या कडेला थर मोजता येतात, जाडी पट्टीनं मोजता येते, आत हवेचे बुडबुडे राहिलेत का तेही दिसतं. प्रामाणिक कारखानदार ती चकती हसत हसत देतो.

नवी होडी पावसाळ्यात बांधायला टाकू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांनाच होडी हवी असते, म्हणून जून-जुलैत कारखान्यात सगळी घाई. आणि नेमकं तेव्हाच हवेत पाणी. काचेची मॅट ओल धरते, ओल्या मॅटला रेझिन नीट धरत नाही. गारव्यात रेझिन पकायला वेळ लागतो, मग कामगार अंदाजानं हार्डनर वाढवतो. हार्डनरचं माप शंभराला एक ते दोन एवढंच. जास्त पडला तर रेझिन तापून तडकतं, कमी पडला तर आतून कच्चं राहतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असंच झालं होतं. होड्या गेलेल्या, मदतीचा पैसा आलेला, फायबरचे कारखाने एकाएकी उभे राहिले आणि घाईत बांधलेल्या कितीतरी होड्या कमी प्रतीच्या निघाल्या. ज्यांचं आधीच सगळं वाहून गेलं होतं, त्यांच्या पदरात त्या पडल्या. दिवाळीनंतरपासून शिमग्यापर्यंतची कोरडी हवा या कामाला चांगली. चार महिने थांबावं लागलं तरी थांबा.

कच्चं रेझिन नाकाला कळतं. होडी तयार होऊन महिने झालेत आणि तरी बंद कप्पा उघडल्यावर उग्र वास अंगावर येतोय, तर शंका घे. मग आतल्या बाजूला, जिथं रंग नाही अशा जागी, पॉलिशपेपरनं थोडं घासून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरव. जागा चिकट झाली तर माल पकलेला नाही. न घासता वरवर कापूस लावू नकोस, कारण हवेला लागलेला शेवटचा थर चांगल्या होडीतही कधीकधी किंचित चिकट राहतो आणि उगाच चांगल्या माणसावर आळ येतो.

आता ज्या जागेवर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा ती जागा. मागची फळी, जिच्यावर आउटबोर्ड मशीन लटकतं. ती दिसते फायबरची, पण आत प्लायवूड असतं. मशीनचे बोल्ट त्या प्लायवूडमधून आरपार जातात. भोकांच्या कडा नीट बंद केल्या नसतील तर खारं पाणी थेंबाथेंबानं आत जातं आणि लाकूड बाहेरून काही न दिसता कुजत राहतं. मशीनचं सगळं वजन, त्याची सगळी ओढ, लाटेवरचा प्रत्येक हिसका त्याच फळीवर येतो. कुजलेली फळी भर समुद्रात सुटली तर मशीन तर जातंच, होडीही मागून भरते.

मशीन वर असेल तर नवऱ्याला ते दोन्ही हातांनी वर-खाली हलवायला सांग, आणि तू फळीच्या दोन कोपऱ्यांकडे बघत राहा. फळी हलते का? कोपऱ्यात केसासारखी चीर उघडते-मिटते का? बोल्टांच्या खाली तपकिरी पाण्याचे ओघळ आहेत का? मग विकणाऱ्याला विचारून एखादा बोल्ट किंवा स्क्रू काढून बघ. भोकातून कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळपट, ओला लगदा आला तर फळी बदलावी लागणार. तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा, किंवा होडी सोडून द्यायला हवी. नवी होडी असेल तर आत प्लायवूड कुठलं घातलं ते डोळ्यांनी बघ. शिक्का आयएस ७१० चा हवा, म्हणजे मरीन प्लाय. ३०३ चा शिक्का असलेला प्लाय घरातल्या फर्निचरचा. तो या जागी चालत नाही.

फळीनंतर टिचकीचं काम. प्लास्टिकची लहान हातोडी घे, नाहीतर जुनं जाड नाणंही चालेल. होडी कोरडी असताना नाळेपासून मागपर्यंत वीतभर अंतरानं ठोकत जा. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील, आत पाणी किंवा पुटी असेल तर आवाज बसका येतो. तिथं खडूनं खूण कर. शेवटी मागं सरून खुणा कुठं जमल्यात ते बघ. एखाद-दुसरी खूण म्हणजे जुनी दुरुस्ती असेल. दुरुस्ती नीट केलेली असेल तर तिचं काही वावगं नाही. पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना रांगेनं खुणा पडल्या तर मात्र तो व्यवहार नको.

संध्याकाळी बॅटरी तळाला जवळजवळ टेकवून उजेड आडवा पाड. दिवसा गुळगुळीत दिसलेल्या अंगावरचे उंचवटे, पुटीचे ठिगळ, बारीक फोड, सगळं उठून दिसतं. चांदणीसारख्या फुटलेल्या चिरा म्हणजे कुठंतरी मार बसलाय. समांतर जाणाऱ्या चिरा म्हणजे आतले आडवे-उभे आधार कमी पडतायत आणि तळ लाटेवर वाकतोय. त्या जास्त वाईट. फोड दिसले तर एक फोडून बघायची परवानगी माग. डोळ्यांना चष्मा लावून फोड, आतलं पाणी दाबानं उडतं. त्याला आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर पाणी रेझिनमध्ये शिरून त्याला खायला लागलंय. वर्षभर पाण्यातच नांगरलेल्या होड्यांना हे जास्त होतं; आपल्यासारख्या वाळूवर ओढायच्या होड्यांना कमी. पण आपल्या होड्यांचा पठाण वाळूनं झिजतो. तिथं धागे उघडे पडलेत का ते हात फिरवून बघ. आणि होडी आठवडाभर कोरड्यात असूनही पठाणाच्या चिरेतून पाणी पाझरत असेल तर आत किती मुरलं असेल याचा अंदाज कर.

ही होडी रोज वर ओढणाऱ्या खलाशांशीही बोल. याच मापाच्या दुसऱ्या होडीला लागतात त्याहून जास्त माणसं हिला लागतात का, एवढंच विचार. पाणी प्यायलेली होडी जड होते, आणि ते ओढणाऱ्याच्या खांद्याला सगळ्यात आधी कळतं.

एक फसगत आपल्या किनाऱ्यावर फार चालते. लाकडी होडीवर बाहेरून फायबर मारतात आणि ‘फायबरची’ म्हणून विकतात. आत वाकून बघ. वाक, म्हणजे आतल्या बरगड्या, आणि फळ्या लाकडाच्या असतील तर ती लाकडी होडी आहे. लाकूड पाण्यानं फुगतं, उन्हानं आकसतं, फायबर तसं हलत नाही, म्हणून दोघांची फारकत होते आणि मधे अडकलेलं पाणी लाकूड कुजवतं. अशी होडी घेऊच नये असं नाही, पण तिची किंमत लाकडी होडीची.

आता जे सांगते ते किमतीशी नाही, माणसांशी जोडलेलं आहे. लाकूड पाण्यावर तरंगतं. फायबर तरंगत नाही. त्याचं वजन पाण्याच्या जवळपास दीडपट. लाकडी होडी उलटली, भरली, तरी माणसं तिला धरून राहू शकतात. फायबरची होडी भरली आणि तिच्यात हवाबंद कप्पे किंवा फोम नसेल, तर ती मशीनसकट खाली जाते आणि धरायला काही उरत नाही. म्हणून नाळेत आणि मागच्या बाजूला बंद कप्पे कुठं आहेत ते विचार. जाळी ठेवायला जागा हवी म्हणून कुणी ते कापून उघडे केलेत का ते बघ. झाकण काढून आत हात घाल. फोम कोरडा हवा. भिजलेला फोम तारत नाही, उलट वजन वाढवतो. कप्पे नसतील तर समुद्रावर जायच्या आधी करून घ्या, आणि या एका बाबतीत घरात कुणाचंही ऐकू नकोस. त्या होडीत तुझा नवरा असणार आहे.

पैशाचं बोलताना एकच ठोक आकडा ऐकून घेऊ नका. सांगाडा किती, मशीन किती, जाळी-नांगर-दोर किती, असं वेगळं मांडायला लावा. बहुतेक वेळा मशीन चांगलं दाखवून सांगाड्याचे पैसे वाढवलेले असतात. मशीन आज ना उद्या बदलावं लागेलच. नीट बांधलेला सांगाडा वीस-पंचवीस वर्षं काम देतो. म्हणून उत्तम सांगाडा आणि बेताचं मशीन असेल तर घ्या, उलट असेल तर नको. दुरुस्ती कुणी केली तेही विचारा. भोक पडलेल्या जागी कडा जाडीच्या बारापट लांब उतरत्या घासून मगच नवे थर चढवायचे असतात. ज्यानं नुसती पुटी भरून रंग मारला, त्यानं पहिल्या उधाणापुरतीच दुरुस्ती केली आहे.

कागदांचं काम दिराकडे दे, त्याला ते जमतं. नोंदणी क्रमांक, मासेमारी परवाना, विमा, आणि कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का. नोंदणीत लिहिलेली लांबी-रुंदी प्रत्यक्ष टेप लावून ताडून घ्यायला सांग, मशीनचा नंबरही. कागद नावावर झाले नाहीत तर डिझेलच्या परताव्यापासून वादळाच्या नुकसानभरपाईपर्यंत सगळं अडतं.

आणि इसार देताना साध्या पावतीवर भागवू नका. त्या कागदावर लिहून घ्या की मागच्या फळीत कूज निघाली किंवा बोजा निघाला तर इसार परत मिळेल. विकणारा सही करायला कां-कूं करू लागला तर पाटल्या डब्यातच राहू देत आणि मला फोन कर. बाजारात अजून होड्या आहेत, मे महिना संपेपर्यंत आपण दोघी मिळून दुसरी बघू.