काही नाही, असे कसे?

माझी वहिनी सहा महिने कंबर धरून चाले. अंगावरून पांढरे जाई. शेवटी दादा तिला तालुक्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही. कागदावर दोन ओळी खरडल्या. म्हणाले, "काही नाही. बायकांना असायचंच हे."

घरी येऊन वहिनी रडली. म्हणाली, "वन्सं, दुखणं सोसते मी. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही."

खरेच काही नसते का? गडचिरोली जिल्ह्यातली हकीकत ऐका. १९८६ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे जोडपे तिथे गेले. राणीबाई बायकांच्या आजारांच्या डॉक्टर. दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींना त्यांनी तपासले. शंभरात ९२ जणींना बायकांचा काही ना काही आजार निघाला. आणि अशी तपासणी आधी कधी झालेल्या किती? शंभरात अवघ्या ८! १८८९ नव्हे, १९८९ साली हे छापून आले, बरं का.

तिथल्या गोंड लोकांना त्यांनी विचारले, "तुम्ही दवाखान्यात का येत नाही?"

लोक म्हणाले, "मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आम्ही मढ्याला पांढरे गुंडाळतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी झोपड्यांसारखा दवाखाना बांधला. नातेवाइकांना राहायला जागा केली. दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले. मग लोक येऊ लागले.

आता गडचिरोली काही सगळ्यांना जवळ नाही. वहिनीला आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. ती नुकतीच लिहायला शिकली होती. त्रास कधीपासून, पाळी केव्हा येते, आधी कोणते औषध घेतले, हे तिने आदल्या रात्री कागदावर लिहिले. तीन वेळा खोडले. जोडाक्षरे चुकली, चुकू देत.

डॉक्टर पुरुष होते. मी म्हटले, "मी वहिनीजवळ थांबते." ते म्हणाले, "थांबा की." बाईला तपासताना दुसरी बाई जवळ असावी, हा रोग्याचा हक्कच आहे. मागायला लाजू नये.

त्यांनी तो कागद सगळा वाचला. मग विचारले, "आणखी काही सांगायचं राहिलं का?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

तपासले तेव्हा आतून सूज निघाली. औषध दोघांनाही दिले. दादा कुरकुरला, "मला कशाला?" डॉक्टरांनी त्यालाही बसवून समजावले. तुम्ही घेतले नाही, तर हिला पुन्हा होईल, म्हणाले.

दादाने मुकाट्याने गोळ्या घेतल्या.